नऊ नंबरचा निचरा

सोमवार, १४ मार्च २०३९. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी भांडुपच्या खाडीकाठच्या पुनर्वसन वसाहतीत, नऊ नंबरच्या इमारतीतल्या एकशे बारा घरांतले फोन एकदम वाजले. संदेश दोन ओळींचा होता. इमारतीचा सुबत्ता अंक बावन्न झाला आहे. मर्यादा चाळीसची असल्यानं एक एप्रिलपासून निर्वाह बंद.

अंक सहा महिन्यांनी एकदा जाहीर होई. सप्टेंबरात तो चौतीस होता.

साडेसहापर्यंत जिन्यात ऐंशीएक माणसं जमली. कोणी रडत नव्हतं, ओरडत नव्हतं. जो तो दुसऱ्याच्या उघड्या दारातून आत बघत होता.

निर्वाह म्हणजे दर महिन्याला घरटी मिळणारी रक्कम. ती सुरू झाली तेव्हा महानगरातल्या निम्म्याहून जास्त लोकांचं काम तुकड्यांचं झालं होतं. दोन तास इथे, चाळीस नग तिथे, आज या ॲपवर, उद्या त्या. पगारपत्रक नावाचा कागद फार थोड्या घरांत उरला होता. कोण किती कमावतं हे विचारून कळत नव्हतं. बरं कमावणारे कमी सांगत आणि काहीच न कमावणारे लाजेनं जास्त सांगत.

म्हणून महानगर निर्वाह मंडळानं विचारणंच सोडलं. माणूस जे खातो ते शरीर जसंच्या तसं बाहेर टाकत नाही, त्याचं रूप बदलून टाकतं. संत्रं खाल्लं की लघवीत एक ठरावीक द्रव्य उतरतं. कॉफीचं वेगळं, महागड्या समुद्री माशाचं वेगळं, कोंड्यासकट खाल्लेल्या धान्याचं वेगळं. यातली बरीच द्रव्यं सांडपाण्यात काही तास टिकतात. इमारतीच्या मुख्य निचरा-नळाला बुटाच्या खोक्याएवढं यंत्र बसवलं, की ते दर दहा मिनिटांनी थेंबभर नमुना घेऊन अशी छत्तीस द्रव्यं मोजतं. त्यावरून इमारतीतली माणसं काय प्रतीचं खातात ते कळतं आणि खाण्यावरून मिळकतीचा अंदाज बांधता येतो. चाचण्यांमध्ये शंभरातल्या एक्याण्णव इमारतींचा अंदाज बरोबर आला. उरलेल्या नऊ इमारतींबद्दल अहवालात एक तळटीप होती.

घराघराच्या नळाला यंत्र लावायला न्यायालयानं मनाई केली. तो खासगीपणावर घाला ठरला असता. त्यामुळे अंक अख्ख्या इमारतीचा लागे आणि तो वाढला की अख्खी इमारत निर्वाहातून बाहेर पडे.

वसाहतीत त्या यंत्राला सगळे ‘नाक’ म्हणत.

संदेश आला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या ३०७ मध्ये सुवर्णा खिलारे मोरीत बसून डबे घासत होती. वय चव्वेचाळीस. तिचा नवरा दिनकर यानं सोळा वर्षं मालाचा टेम्पो चालवला. टेम्पो आपले आपण चालायला लागल्यावर, म्हणजे मागच्या ऑगस्टपासून, तो घरी होता. घरातली तिसरी रिद्धी, नववीत.

“बावन्न,” दिनकर म्हणाला. “कोण माजलंय एवढं आपल्यात?”

“मला काय माहीत?”

“तुझं सगळ्यांच्या मोरीपर्यंत जाणं-येणं असतं.”

“मोरीपर्यंत. ताटापर्यंत नाही,” सुवर्णा म्हणाली आणि पुढचा डबा ओढला.

टेकडीपलीकडच्या उंच इमारतींमधल्या बऱ्याच घरांत आता स्वयंपाक होत नव्हता. जेवण स्टीलच्या परतीच्या डब्यांतून येई आणि डबे परत जात. झाकणाच्या रबरी कडीत अडकलेलं यंत्राला निघत नसे, ते बोटानंच काढावं लागे. म्हणून डबे खाडीकडे येत. नऊ नंबरमध्ये अकरा बायका हे काम करत. काम मिळवलं होतं सुवर्णानं आणि डबा कंपनीशी बोलणंही तीच करे. उरलेलं अन्न निळ्या पिशवीत भरून परत द्यायचं, असं करारात होतं. पिशवीचं वजन कोणी करत नसे.

संध्याकाळी सात वाजता तळमजल्याच्या सभागृहात बैठक झाली. सचिव तोडणकर गोदामातून निवृत्त झालेले, बोलण्यात अजून हजेरी घेतल्यासारखे.

“ज्याचं असेल त्यानं उठून सांगावं. इथे कोणी कोणाला खाणार नाही.”

“पाचव्या मजल्यावर रविवारी कोळंबीचा वास होता,” मागून एक बाई म्हणाली.

“तुझं नाक दे मंडळाला. पगार तरी सुरू होईल,” पाचव्या मजल्यावाल्यांकडून उत्तर आलं.

“आणि तुमच्याकडे नवीन मिक्सर कुठून आला?”

“जुनाच आहे. घासलाय. तुम्हाला सवय नाही, म्हणून ओळखला नाहीत.”

हसणं फार टिकलं नाही. तेव्हा सुवर्णा उभी राहिली. डब्यांचं धुवण आमच्याच मोऱ्यांतून जातं, नाकाला त्याचाच वास लागला असेल, असं ती म्हणाली. मग तोडणकरांनी टेबलावर थाप मारली. “म्हणजे श्रीमंती त्यांची आणि निचरा आपला!” लोक मोकळेपणानं हसले. मंडळाकडे तक्रार गेली. दिवसभर लावलेली दारं त्या रात्री पुन्हा उघडी राहिली.

बुधवारी सकाळी साडेदहाला मंडळाकडून तन्वी सबनीस आली. वय सत्तावीस. यंत्रांची देखभाल तिच्याकडे होती. तिनं नळाजवळचं झाकण उघडलं, आकडे उतरवून घेतले आणि जमलेल्यांना सांगितलं.

“डब्यांच्या पाण्यानं अंक वाढत नाही. यंत्र अन्न मोजत नाही. शरीरातून गेल्यावर अन्नाचं जे होतं, ते मोजतं. तुम्ही मोरीत शंभर किलो मासा ओतलात तरी त्याला कळणार नाही. तो कोणीतरी खाल्लेला असायला हवा.”

“कोणी?” तोडणकरांनी विचारलं.

“ते यंत्र सांगत नाही, काका. पण एवढ्या फरकासाठी निदान दहा-बारा घरं नेमानं खात असणार.”

“एका घरानं जास्त खाल्लं तर?”

“एका घराचं काम नाही हे.”

तोडणकरांनी हे शेवटचं वाक्य वहीत लिहिलं नाही, असं नंतर अनेकांनी सांगितलं.

सुवर्णा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी होती. तिला तिथेच कळलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिला एका डब्यात भाजलेल्या माशाचा आख्खा तुकडा मिळाला होता, कडेनं काट्याचा एक ओरखडा तेवढा. घरात त्या दिवशी तांदूळ आणि मीठ होतं. तिनं तो तुकडा तव्यावर टाकला, लसूण-मिरचीची फोडणी दिली. दिनकरनं विचारलं तेव्हा म्हणाली, कंपनीकडून जादाचं येतं, ताजं असतं. तेव्हापासून आठवड्यातून चार-पाच दिवस तेच चाललं होतं. कापलेली फळं, पनीर, कसलेकसले हिरवे गर, बिया लावलेले पाव. बाकीच्या दहा जणी काय करतात हे तिनं कधी विचारलं नव्हतं. त्यांनीही तिला विचारलं नव्हतं. डबे घासताना प्रत्येकीचं दार बंद असे.

दिनकरला हे सांगता येण्यासारखं नव्हतं. त्याच्या आजोबांनी जालन्याकडच्या त्यांच्या गावात गावजेवणाचं उष्टं उचलायला नकार दिला होता. त्यासाठी मार खाल्ला, मग गाव सोडलं. खिलाऱ्यांच्या घरात देवाचा फोटो नव्हता. त्याच्या जागी ही गोष्ट होती.

गुरुवारपासून कचऱ्याचे डबे तपासले जाऊ लागले. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी नाकारलंही नाही. लोक आपला कचरा कागदात गुंडाळून वसाहतीबाहेर नेऊ लागले. ते दिसलं की त्यांच्यावर संशय. सातव्या मजल्यावर, ७०२ च्या डब्यात, संत्र्यांच्या साली सापडल्या.

७०२ मध्ये विजया तांडेल राहत. नवरा गेलेला. स्वतः बाजारात मासळी साफ करून देण्याचं काम. मुलगी कोमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना. इमारतीत सुवर्णाची एकच मैत्रीण म्हणावी अशी होती, ती विजयाताई.

“चार संत्री,” शुक्रवारच्या बैठकीत विजयाताई म्हणाल्या. “पोरीला रक्त कमी आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितली. चार! मी झाड लावलं नाही घरात.”

“आणि मासे?”

“मासे? मी डोकी आणते बाजारातून. शेपट्या आणते. मधलं तुम्ही खाता, सचिवसाहेब.”

मंडळाच्या नियमांत एक तरतूद होती. एखाद्या घरामुळे अंक वाढतो असं इमारतीला वाटलं तर ते घर सात दिवस निचऱ्यापासून दूर ठेवून फेरमोजणी मागता येते. अंक मर्यादेखाली आला तर दोनतृतीयांश मतांनी ते घर वगळता येतं. वगळलेल्या घराचा नळ वेगळा होतो आणि त्याचा निर्वाह कायमचा थांबतो. न्यायालयाच्या मनाईतून मंडळानं काढलेली ही वाट होती.

फेरमोजणी ठरली, २१ ते २७ मार्च. सात दिवस तांडेल मायलेकींनी घरातली मोरी आणि संडास वापरायचा नाही. फाटकाजवळ सार्वजनिक शौचालय होतं.

हात वर करायला सांगितले तेव्हा सुवर्णानं केला नाही. कोण करत नाही तेही लोक बघत होते.

शनिवारी ती मंडळाच्या कार्यालयात गेली. तन्वी खिडकीमागे होती.

“मॅडम, समजा कोणी विकत न घेतलेलं खात असेल, तर?”

“दान?”

“नाही. उरलेलं. दुसऱ्याचं.”

तन्वीनं तिच्याकडे पाहिलं. मग खणातून एक छापील कागद काढला. “त्यासाठी घोषणापत्र आहे. घर क्रमांक, काय खाल्लं, कुठून आलं. खाणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाची सही. एकही सही कमी असेल तर अर्ज धरला जात नाही. इमारतीच्या फळ्यावर लावावा लागतो, हरकती मागवायला. तो मंजूर झाला की ते खाणं मिळकतीत धरत नाहीत. फेरमोजणीही रद्द होते.”

“आजपर्यंत कोणी भरलाय?”

“माझ्या माहितीत नाही.” तन्वीनं खण बंद केला. “ताई, खाडीकाठच्या आणखी चार इमारतींचे अंक असेच वाढलेत. तिथेही डबे येतात का हो?”

“येतात.”

“मी हे वर लिहून पाठवलं होतं. उत्तर आलं, यंत्र तपासा. यंत्र ठीक आहे.”

सुवर्णा कागद घेऊन परत आली. घरी दिनकर खाटेवर बसलेला. समोर तिचा कपड्यांचा पत्र्याचा डबा उघडा, साड्या बाहेर.

“काय शोधताय?”

“तू सांग. माझं काम गेल्यापासून या घरात पनीर शिजतंय. मासा शिजतोय. एका डब्यामागे तुला काय मिळतं ते मला ठाऊक आहे. बाकीचं कुठनं येतं?”

“मी पैसे लपवते असं वाटतं तुम्हाला?”

“मला काय वाटतं ते सोड. तिकडे तांडेलबाईंना हागायला रस्त्यावर धाडतायत. आणि तू हात वर केला नाहीस. का? तुला माहीत आहे कोण आहे ते.”

सुवर्णानं कागद त्याच्या हातात दिला. त्यानं वाचला. पहिल्यांदा भराभर, मग बोट ठेवून.

“जादाचं असतं म्हणालीस.”

“हो.”

“ताजं म्हणालीस.”



“आई, मला माहीत होतं,” रिद्धी दारातून म्हणाली. “नोव्हेंबरात एका पावावर दात होते.”

“आणि तू खाल्लास?” दिनकरनं विचारलं.

“दुसरी बाजू चांगली होती, बाबा.”

दिनकर उठला, चपला घातल्या, पुन्हा काढल्या. खाली बसून त्यानं तिच्या साड्या एकेक घडी करून डब्यात ठेवल्या. घड्या चुकीच्या होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाला, “मी हे वाचलं नाही. माझी सही होणार नाही. फळ्यावर माझ्या आज्याचं आडनाव उष्ट्याखाली लागणार नाही.”

“कोमलला आठवा महिना आहे.”

“मग त्यांना आपला संडास दे. पण हे नाही.”

“आपला नळही तोच आहे,” सुवर्णा म्हणाली.

सोमवारपासून दिनकर भाकरी आणि चटणी खाऊ लागला. बोलणं कामापुरतं.

फेरमोजणीच्या आठवड्यात सुवर्णापुढे हिशेब सरळ होता आणि कोणाला सांगण्यासारखा नव्हता. तिनं डब्यांतलं खाणं थांबवलं तर अंक खाली येणार, निर्वाह परत मिळणार आणि तांडेलांवर दोषाचा शिक्का बसणार. खाणं चालू ठेवलं तर अंक वरच राहणार, तांडेल सुटणार आणि एकशे बारा घरं उपाशी. बाकीच्या दहा जणींपुढेही हेच होतं. त्यांना ते कळलं होतं की नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता. डबे वाटायला ती रोज प्रत्येकीच्या दारी जाई. रोज दार वीतभर उघडे.

“काय म्हणतेस, सविता?”

“काय म्हणायचं. डोकं दुखतंय.”

“जेवलीस?”

“उपास आहे,” सविता म्हणाली. मंगळवार होता. बुधवारी दुसरीचा उपास निघाला. गुरुवारी तिसरीचा.

सुवर्णा खात राहिली. रिद्धीला वाढत राहिली. सहा महिने जे नाइलाजानं गिळलं होतं ते त्या आठवड्यात तिनं मोजून, दोन्ही वेळा खाल्लं. शुक्रवारी तिला उलटी झाली. तरी संध्याकाळी पुन्हा बसली.

दुपारी दोन ते पाच लिफ्ट बंद असे. त्या वेळात कोमलला जायचं झालं तर सुवर्णा तिच्याबरोबर सात मजले उतरे.

“काकी, तुम्ही कशाला येता? तुमच्यावरही डोळा ठेवतील.”

“ठेवू देत.”

“आई म्हणते, ज्यांनी खाल्लं त्यांना पोटशूळ उठो,” कोमल कठड्याला धरून हसली. “मी म्हटलं, असू दे गं, त्यांनाही भूक असेल.”

चौथ्या मजल्यावर ती थांबली, श्वास घेतला, पोटावर हात ठेवला. सुवर्णानं तिची पिशवी घेतली. त्या वेळी सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

सोमवार, २८ मार्च, सहा वाजून दहा मिनिटं. अंक अडतीस.

जिन्यात टाळ्या वाजल्या. पहिल्या मजल्यावर कोणीतरी साखर वाटली. तन्वी सबनीसनं अकरा वाजता फोन करून तोडणकरांना सांगितलं की एका घराच्या जाण्यानं चौदा अंक उतरत नाहीत, ते शक्यच नाही, आणखी निदान आठ-दहा घरांचं खाणं त्याच आठवड्यात बदललेलं आहे.

“बाई, अंक उतरला की नाही?” तोडणकरांनी विचारलं.

“उतरला.”

“मग झालं.”

७०२ वगळण्याच्या ठरावावर रविवारी, तीन एप्रिलला सकाळी दहा वाजता मतदान ठेवण्यात आलं.

विजयाताई त्या दुपारी सुवर्णाकडे आल्या. बसल्या नाहीत.

“तू डबे घरोघर पोचवतेस. एवढंच सांग, माझ्या संत्र्यांनी झालं का हे?”

“नाही.”

“मग कशानं?”

दिनकर आतल्या खोलीत होता. रेडिओ बंद झाल्याचा आवाज आला.

“आमच्यानं,” सुवर्णा म्हणाली. आणि सगळं सांगितलं, ऑक्टोबरपासून.

विजयाताईंनी ऐकून घेतलं. “सात दिवस माझी पोर त्या घाणीत बसली,” त्या म्हणाल्या. “तू बरोबर जात होतीस. पिशवी धरत होतीस.” मग दाराकडे वळल्या. “सभेत बोलशील?”

“सभेत बोलून धरत नाहीत. कागद लागतो. दोन सह्या लागतात.”

“एक कोणाची?”

सुवर्णानं आतल्या खोलीकडे पाहिलं. विजयाताईंनीही पाहिलं. नंतर तिकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “दिनकरभाऊ, माझा नवरा गेला तेव्हा खांदा द्यायला तुम्ही पहिले होतात. उद्या निर्वाहावाचून मी या इमारतीत नसले तर ते विसरायला सोपं जाईल.”



मंगळवारी सकाळी नऊ वाजता सुवर्णानं घोषणापत्र फळ्यावर लावलं. घर क्रमांक ३०७. खाल्लेलं अन्न: परतीच्या डब्यांतलं उरलेलं. कालावधी: सहा महिने. पहिल्या सहीच्या जागी तिची सही. दुसऱ्या जागेसमोर छापील अक्षरांत ‘दिनकर खिलारे’ आणि पुढे कोरी रेघ.

साडेनऊपर्यंत फळ्यापुढे गर्दी होती. दहा वाजता कोणीतरी कागदाच्या कोपऱ्यावर एक शब्द लिहिला. तो रिद्धीनं शाळेतून आल्यावर खोडला. दुपारी तीनला डबा कंपनीचा संदेश आला. करारभंगामुळे सुवर्णा खिलारे यांचं काम तात्काळ बंद, बाकीच्या दहा जणींचं चौकशीनंतर ठरेल. संध्याकाळी त्या दहांपैकी सहा जणी तिच्या दारी आल्या.

“तुझं तू बुडालीस. आम्हाला कशाला ओढतेस?”

“मी कोणाचं नाव लिहिलं नाही.”

“लिहायला कशाला पाहिजे? सगळी इमारत आमच्या तोंडाकडे बघतेय.”

“गेल्या आठवड्यात किती जणींचे उपास होते?” सुवर्णानं विचारलं.

त्यांच्यातली एक हसली. सविता खाली बघत होती. मग सगळ्या गेल्या.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार दिनकर लिफ्टनं उतरला नाही. जिन्यानं, फळ्याच्या विरुद्ध बाजूनं उतरला. गुरुवारी तोडणकरांनी त्याला गाठलं आणि सांगितलं, की नवऱ्याची सही नसलेला अर्ज म्हणजे बायकोचा कांगावा. तसं लिहून दे, म्हणजे तुझं घर तरी यातून सुटेल. दिनकरनं लिहून दिलं नाही. नकारही दिला नाही. बघतो म्हणाला.

शुक्रवारी, एक एप्रिलला, निर्वाह जमा झाला. एकशे अकरा घरांत. ७०२ चा मतदान होईपर्यंत रोखून ठेवला होता.

शनिवारी दुपारी ३०७ च्या कागदाशेजारी आणखी एक घोषणापत्र लावलेलं आढळलं. घर क्रमांक ६०४, सविता धुमाळ. तिची सही होती. तिच्या नवऱ्याची नव्हती. कागद कधी लागला हे कोणी पाहिलेलं नाही.

मंडळाचं कार्यालय शनिवारी साडेपाचला बंद होतं. त्याआधी फळ्यावरून काढून तिथे पोचवलेला, पूर्ण सह्यांचा अर्जच मतदान थांबवू शकतो. कार्यालय वसाहतीपासून चालत बारा मिनिटांवर आहे. पाच वाजून पाच मिनिटांनी दिनकर खिलारे फळ्यासमोर उभा होता. दोन्ही कागद त्यानं वाचले. मग ३०७ च्या कागदाच्या वरच्या दोन टाचण्या काढल्या. पाच वाजून आठ मिनिटांपर्यंत खालच्या दोन तशाच होत्या आणि दुसरी रेघ कोरी होती.